मुंबईच्या जमिनीचा खंड कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मुंबईतील जमिनी आणि कार्यालयीन इमारती ह्यांच्या खरेदीविक्रीच्या वार्तांना वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर अलीकडे मानाचे स्थान मिळू लागले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बॉम्बे डाइंग कंपनीने वरळीची सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहातील एका उपकंपनीला ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचे जाहीर केले. नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाची इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घ्यावी, ह्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये संमती दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच परिसरातील ४.१६ एकरांचा भूखंड रिझर्व्ह बँकेने मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडून ३,४७२ कोटी रुपयांना खरेदी केला.

ह्या वार्ता क्रिकेटमधील विक्रमांप्रमाणे वाचल्या जातात. अमुक एकराला तमुक शे कोटी, आजवरचा सर्वांत मोठा व्यवहार, असे मथळे येतात. पक्षाचा कार्यकर्ता ते पान उलटतो, कारण हा धनिकांचा आपापसांतील मामला आहे, असे त्याला वाटते. झोपडपट्टी, रेशन, पाणी, रोजगार हे आपले प्रश्न. कार्यालयीन जागेचा भाव हा दलालांचा प्रश्न, अशी त्याच्या मनातील वाटणी असते. ही वाटणी चुकीची आहे. परळचा कामगार वांगणीला का फेकला जातो, ह्याचे उत्तर त्याने उलटलेल्या त्याच पानावर असते.

भाव कोण निर्माण करतो?

इमारत आणि जमीन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. इमारतीला सिमेंट, पोलाद, काच आणि श्रम लागतात. तिची किंमत त्यांवरून ठरते आणि कालांतराने इमारत झिजते. जमिनीचे तसे नाही. ती कोणी उत्पादन करीत नाही आणि मागणी वाढली म्हणून तिचा पुरवठा वाढत नाही. रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेल्या खंडाच्या सिद्धांताचे मर्म हेच आहे. धान्य महाग होते ते जमिनीचा खंड चढा आहे म्हणून नव्हे. धान्याला भाव आहे म्हणून खंड चढतो. शहरात धान्याची जागा व्यवहार घेतो. ज्या ठिकाणी बँका, न्यायालये, विमा कंपन्या, रेल्वे आणि कुशल मनुष्यबळ एकवटते, तेथे धंदा अधिक होतो आणि त्या अधिक धंद्याचा मोठा हिस्सा खंडाच्या रूपाने जागेच्या मालकाकडे जातो. ह्या वाढीसाठी मालकाने काही केलेले नसते. म्हणूनच अर्थशास्त्रात तिला ‘अनर्जित वाढ’ असे नाव पडले. जॉन स्टुअर्ट मिल ह्यांच्यासारखा उदारमतवादी विचारवंतही ह्या वाढीवर समाजाचा हक्क मानीत असे.

मुंबईतील ताजे उदाहरण भुयारी मेट्रोचे आहे. कुलाबा, वांद्रे, सीप्झ ह्यांना जोडणाऱ्या ह्या सुमारे साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गाला ३७,००० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. त्यातील मोठा भाग जपानकडून घेतलेल्या कर्जाचा आहे आणि ते कर्ज जनतेने फेडावयाचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा मार्ग कफ परेडपर्यंत खुला झाला. त्याने प्रवाशांची सोय झाली, हे निर्विवाद आहे. परंतु स्थानकाजवळच्या प्रत्येक कार्यालयीन इमारतीच्या मालकाचे उत्पन्नही त्याने वाढविले. त्या मालकाने बोगद्यासाठी काय दिले? २०२२ पासून मुंबईतील खरेदीखतांवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. पण तो दहिसरला छोटी सदनिका घेणाऱ्या कारकुनालाही भरावा लागतो. जो मालक विक्री न करता केवळ वाढीव भाडे घेत बसतो, त्याला मात्र तो लागत नाही. ज्याला लाभ झाला त्याच्याकडून वसुली, हे तत्त्व येथे उलटे झाले आहे.

नरिमन पॉइंटचा धडा

ह्या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. १९६० नंतरच्या दशकात चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता ह्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना मांडली. तिचा आर्थिक पाया विचार करण्याजोगा होता. शेतजमीन सार्वजनिक यंत्रणेने आधी संपादन करावी, सरकारी कार्यालये तेथे न्यावीत, त्यामुळे जमिनीचे मूल्य वाढेल आणि त्या वाढीतूनच रस्ते, पाणी, घरे ह्यांचा खर्च भागेल. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. परंतु मंत्रालय खाडी ओलांडून गेले नाही. उलट त्याच दशकात बॅकबेच्या भरावावर नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहिले. सरकारने एका हाताने गर्दी पांगविण्याचे धोरण आखले आणि दुसऱ्या हाताने गर्दीचे नवे केंद्र बांधले. तेथील भूखंड लिलाव न करता दिले गेल्याबद्दल पीलू मोदी व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेली याचिका त्या काळी गाजली होती.

एअर इंडियाची इमारत ह्याच भरावावर उभी आहे. ती जमीन मुळात राज्य सरकारची; ती भाडेपट्ट्याने दिलेली होती. आता तीच जागा इमारतीसह परत घेताना सरकारने १,६०१ कोटी मोजावयाचे ठरविले. शिवाय, येणे असलेले अनर्जित उत्पन्न आणि व्याज मिळून सुमारे २९८ कोटींची रक्कम माफ केली. येथे दोन्ही बाजूंना सरकारच होते, हे खरे आहे. पण ‘अनर्जित उत्पन्न’ हा शब्द महसूल खात्याच्या कागदांत आजही जिवंत आहे, हे ह्या व्यवहाराने दाखवून दिले. सरकारी जमिनीचा पट्टेदार ती हस्तांतरित करतो, तेव्हा वाढीव मूल्यातील हिस्सा सरकारला मिळावा, हे तत्त्व नवे नाही. त्यासाठी कोणत्याही क्रांतीची वाट पाहावयास नको. प्रश्न आहे तो हे तत्त्व वसूल करावयाचे की माफ करावयाचे, एवढाच.

गिरण्यांच्या जागी

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचे पुढे काय झाले, हे येथे सांगावयास नको. गिरण्या बंद पडत गेल्या आणि मध्य मुंबईतील सुमारे ६०० एकर जमीन हा कापडापेक्षा अधिक किफायतशीर माल ठरला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक समंजस तोडगा होता. जमिनीचे तीन वाटे करावेत: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये ह्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करावयाची, असा अर्थ निघाला. गिरणीची जमीन बहुतांशी शेडखाली असते. तेव्हा वाटण्यास उरले किती? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. नियमातील थोड्या शब्दांच्या बदलाने शेकडो एकरांचे भवितव्य बदलले.

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे २,०२० कोटी रुपयांना विकल्या. त्यांपैकी मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. तेथील प्रकल्प पुरा होण्यापूर्वीच, २०१२ मध्ये, तीच जमीन लोढा समूहाला २,७२७ कोटींना विकली गेली. सात वर्षांत किंमत जवळजवळ चौपट झाली. ह्या वाढीतील किती भाग कारागिरीचा आणि किती केवळ प्रतीक्षेचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन ह्या दोन गिरण्यांच्या जमिनी इंडियाबुल्सने मिळून ७१७ कोटींना घेतल्या आणि त्यांवर कार्यालयीन मनोरे बांधले. २०१८ मध्ये त्यांतील निम्मा हिस्सा अमेरिकेच्या ब्लॅकस्टोन ह्या वित्तसंस्थेला ४,७५० कोटींना विकला गेला. म्हणजे संपूर्ण मालमत्तेचे मूल्य ९,५०० कोटी धरले गेले. बांधकामाचा खर्च त्यातून अवश्य वजा करावा. तरीही उरणारी रकम मोठी आहे आणि तीवर गिरणगावाचा हक्क कोठेही नोंदलेला नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. घरासाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार व वारस ह्यांचे अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. २०१६ मधील दोन आणि मार्च २०२० मधील एक, अशा पुढील सोडती धरूनही त्यांची एकूण संख्या सोळा हजारांच्या आत राहते. त्यांतील २०२० ची ३,८९४ घरे बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास ह्या गिरण्यांच्या वाट्यातून आली. घर २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेनऊ लाख रुपये. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणीचा प्रस्ताव पुढे आला. ही स्थानके कर्जतच्या मार्गावर, मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहेत. त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये वृद्ध कामगार आझाद मैदानावर जमले. ज्यांच्या वस्तीमुळे परळ हे परळ झाले, त्यांना परळच्या खंडात वाटा तर मिळाला नाहीच; परळमध्ये परत येण्याचे भाडेही त्यांच्या माथी आले.

एक साधा हिशेब करून पाहावा. वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला ह्या अमेरिकन मोटारकंपनीने २०२५ मध्ये सुमारे ४,००० चौरस फुटांचे दालन दरमहा ३५ लाख रुपयांहून अधिक भाड्याने घेतले. दर पडतो चौरस फुटाला महिना सुमारे ८८१ रुपये. हा तळमजल्यावरील दर्शनी दालनाचा भाव आहे, सर्व कार्यालयांचा नव्हे, हे मान्य करू. तरी ह्या दराने गिरणी कामगाराच्या २२५ चौरस फुटांचे मासिक भाडे जवळपास दोन लाख होते. कामगाराने आयुष्याची पुंजी घालून जे घर साडेनऊ लाखांना घेतले, तेवढ्या जागेचे ते पाच महिन्यांचेही भाडे नव्हे.

सरकारच व्यापारी झाले तर?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, ह्यावर उपाय सोपा आहे. जमीन सार्वजनिक मालकीची असावी. समाजवादी चळवळीत हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. वांद्रे-कुर्ला संकुलाने त्या उत्तराची कठोर परीक्षा घेतली आहे.

हे संकुल सुमारे ३७० हेक्टरांचे आहे. दक्षिण मुंबईतील कार्यालयांची दाटी कमी व्हावी, ह्या हेतूने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे १९७७ मध्ये ते सोपविण्यात आले. येथील भूखंड प्राधिकरण विकत नाही, ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते आणि अधिमूल्य घेते. म्हणजे गिरण्यांच्या जमिनीवर जे खाजगी खिशात गेले, ते येथे बऱ्याच अंशी सार्वजनिक तिजोरीत आले. हा फरक मोठा आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु पुढचा प्रश्न विचारावयासच हवा. २०१९ मध्ये सुमारे तीन एकरांचा एक भूखंड सुमितोमोच्या उपकंपनीला २,२३८ कोटी रुपयांना दिला गेला. ही रकम एकदाच यावयाची. हा पट्टा २०९९ च्या सुमारास संपेल. दरम्यान मेट्रो येईल, बुलेट ट्रेनचे स्थानक येईल, पूल येतील आणि त्या जागेचे मूल्य वाढत राहील. त्या वाढीतून नियमित हिस्सा मागण्याची सोय एकरकमी अधिमूल्यात नसते. एका पिढीने ऐंशी वर्षांचा खंड आगाऊ उचलला आणि तो चालू प्रकल्पांवर खर्च केला. ज्या शेतकऱ्याने नातवंडांच्या वाट्याची जमीन गहाण टाकून घर रंगविले, त्याला गावात काय म्हणतात, हे सांगावयास नको.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ज्या यंत्रणेचे उत्पन्न जमिनीच्या चढ्या भावावर अवलंबून असते, तिला भाव उतरावेत असे कधीच वाटणार नाही. ती नियोजकाच्या खुर्चीत बसते आणि व्यापाऱ्याच्या डोक्याने विचार करते. म्हणूनच अधिक चटईक्षेत्र विकावे, ही प्रेरणा प्रबळ होते. तेथे काम करणाऱ्या शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी आणि उपाहारगृहातील पोऱ्यांसाठी जवळपास घरे हवीत, ही गरज मात्र मागे पडते. ही माणसे विरार, बदलापूर, कर्जतहून येतात. वांद्रे किंवा कुर्ला स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत त्यांची रोजची पाऊण-पाऊण तास मजुरी वाया जाते. ज्या खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकून हे संकुल उभे राहिले, त्या मिठी नदीने २६ जुलै २००५ रोजी आपला हिशेब मांडला होता. त्याची किंमत कुर्ल्याच्या वस्त्यांनी मोजली. मालकी सार्वजनिक असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, हाच ह्याचा निष्कर्ष.

खंडाचा कागद होतो

गेल्या दशकात एक नवी घडामोड झाली आहे. २०१४ मध्ये सेबीने स्थावर मालमत्तेच्या गुंतवणूक न्यासांचे नियम केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘रीट’ म्हणतात. ह्या न्यासांनी मुख्यतः भाड्याने गेलेल्या तयार इमारती धारण करावयाच्या आणि वितरणयोग्य उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग युनिटधारकांना वाटावयाचा. पहिला न्यास २०१९ मध्ये रोखेबाजारात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या नॉलेज रिअॅल्टी ट्रस्टच्या मालमत्तेत ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जागेवरील मनोरेही आहेत. ज्या आवारात साचे चालत होते, त्याचा खंड आता युनिटांत विभागून रोज विकला जातो.

ह्यात दोन गोष्टी ओळखावयास हव्यात. पहिली अशी की असे मोठे व्यवहार अनेकदा जमिनीच्या विक्रीचे नसतातच. जमीन धारण करणाऱ्या कंपनीचे भाग विकले जातात. कागदोपत्री जमीन त्याच कंपनीकडे राहते आणि खरेदीखतावरील मुद्रांक शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही. सदनिका घेणारा शिक्षक सहा टक्के भरतो; हजारो कोटींच्या मनोऱ्याचा ताबा बदलतो, तेव्हा ते शुल्क लागू होत नाही. दुसरी गोष्ट राजकीय आहे. किमान खरेदी लहान झाल्याने निवृत्त कारकुनाची बचतही ह्या न्यासांत जाऊ लागली आहे. भाडी वाढावीत, ह्यात त्याचाही हितसंबंध निर्माण होतो. खंडखोरीला असा मध्यमवर्गीय पाठिंबा मिळत गेला, तर तिच्याविरुद्ध बोलणे आजच्यापेक्षा कठीण होईल.

आक्षेप आणि मागण्या

ह्यावर आक्षेप घेतला जातो की परदेशी भांडवल येते, रोजगार निर्माण होतो. खंडावर हात टाकला तर ते बंगळूर-हैदराबादला जाईल. ह्या आक्षेपाचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. कारखान्यावर कर लावला तर कारखाना हलू शकतो. जमीन हलू शकत नाही. भूमीच्या खंडावरील वसुली भाडेकरूवर ढकलताही येत नाही, कारण तो आधीच बाजार सोसेल तितके भाडे देत असतो. ती वसुली मालकाच्या वाढीव उत्पन्नातून होते. आणि हाँगकाँग हे काही समाजवाद्यांचे तीर्थक्षेत्र नव्हे. तेथेही १९८५ नंतरच्या भाडेपट्ट्यांवर सर्वसाधारणपणे करयोग्य मूल्याच्या ३ टक्के खंड दरवर्षी घेतला जातो आणि मूल्य वाढले की तो वाढतो. तेथील सरकार जमिनीच्या उत्पन्नावर विसंबून राहिल्याने घरे किती महाग झाली, हाही धडा त्याबरोबरच घ्यावयाचा आहे.

ह्यातून चार मागण्या निघतात. सार्वजनिक जमीन देताना संपूर्ण अधिमूल्य आगाऊ न घेता त्याचा एक भाग वार्षिक खंडाच्या रूपाने ठेवावा आणि ठरावीक वर्षांनी त्याची फेरआकारणी व्हावी. कंपनीचे भाग विकून होणारे हस्तांतर हे जमिनीचेच हस्तांतर मानावे आणि अनर्जित वाढीतील हिस्सा वसूल करावा. कार्यालयीन चटईक्षेत्र मंजूर करताना तेथे राबणाऱ्यांच्या घरांची तरतूद पोहोचण्याजोग्या अंतरावर व्हावी आणि ती पैसे भरून टाळता येऊ नये. आणि खंडातून येणारा पैसा प्रथम अशा घरांवर खर्च व्हावा. पुढच्या लिलावाचे भाव चढविणाऱ्या प्रकल्पांवर नव्हे.

कार्यकर्त्यांसाठी ह्याहून निकडीचे एक काम आहे. प्रत्येक नोंदणीकृत खरेदीखताचा आणि भाडेकराराचा सारांश नोंदणी खात्याच्या सूची क्रमांक दोनमध्ये असतो आणि तो पाहता येतो. आपल्या वॉर्डात कोणती गिरणी, कोणते गोदाम, कोणता सरकारी भूखंड कोणाकडे गेला, केवढ्याला गेला आणि त्यावर कोणत्या अटी होत्या, ह्याची वही प्रत्येक शाखेने ठेवावी. १९९१ चा एक तृतीयांशाचा नियम २००१ मध्ये बदलला गेला, तेव्हा तो बदल वाचणारे कार्यकर्ते फार थोडे होते. अर्थ ध्यानी आला तोवर मनोऱ्यांचे पाये खणले जात होते.

गिरण्यांची जमीन बव्हंशी गेली. परंतु बंदराची जमीन, रेल्वेची जमीन, कालबाह्य होणारी सरकारी वसाहत आणि डेपो ह्यांचे व्यवहार पुढील काळात होणार आहेत. त्यांचे नियम कोठे तरी आजच लिहिले जात असतील. ते मसुद्यातच वाचले गेले पाहिजेत.